डोळे तपासून घेतांना



डोळ्यांत तेल घालून आपण घर जपतों, शेत जपतों, लेकरें जपतों. परंतु ज्या डोळ्यांत हें तेल घालावयाचें ते डोळे जपण्याचें मात्र आपणांस क्वचितच सुचतें. डोळा लाल झाला, ठणकूं लागला, किंवा हात लांब करूनहि वर्तमानपत्र वाचवेनासें झालें, म्हणजे मग आपण नेत्रवैद्याची पायरी चढतों. कांहीं होत नसतांना डोळे दाखवावयाचे, ही कल्पना पुष्कळांस चैनीची वाटते. ज्यांस ती पटते त्यांच्याहि मनांत थोडी धास्ती असतेच. तेथें नेमकें काय करतात? दुखतें काय? औषध घातल्यावर दिसेनासें होतें म्हणतात, तें खरें काय? आजच्या भाषणांत या साध्या प्रश्नांचीं साधीं उत्तरें देण्याचा माझा विचार आहे.

समजा, जळोचीचें एक कुटुंब आहे. जळोची हें एके काळीं बारामतीजवळचें निराळें गांव. आज तें शहराशीं जवळजवळ एकजीव झालें आहे. घरांत आजोबा आहेत, पासष्टी उलटलेले, शाळेंतून निवृत्त झालेले, गेलीं दहा वर्षें मधुमेहाच्या गोळ्या घेणारे. सून आहे, बेचाळीस वर्षांची. तिला हल्लीं सुईंत दोरा ओवावयास दाराच्या उजेडाशीं जावें लागतें. नातू आहे सात वर्षांचा. त्याच्या डोळ्यांविषयीं कोणाची कसलीच तक्रार नाहीं. सून डोळे दाखवावयास निघते आणि म्हणते, "मामंजी, आपणहि चला." आजोबा म्हणतात, "मला काय झालें आहे? मी अजून मोटारीवरची पाटी लांबून वाचतों." अखेर नातवाला सोबत म्हणून ते निघतात. या तिघांबरोबर आपणहि जाऊं. लांब जावयास नको. बारामतींत उपजिल्हा रुग्णालय आहे आणि २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि आहे.

तेथें प्रथम काय होतें, तर प्रश्न होतात. दिसण्याचा त्रास दूरचा कीं जवळचा, एका डोळ्याचा कीं दोहोंचा, हळूहळू आलेला कीं एकाएकीं? मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात आहे काय? कोणतीं औषधें चालू आहेत? डोळ्यास पूर्वीं मार लागला होता काय? घरांत कोणास काचबिंदु आहे किंवा होता काय? हे प्रश्न ऐकून कित्येकांस वाटतें कीं, डोळ्याच्या डॉक्टरांस आमच्या दम्याशीं काय कर्तव्य? परंतु कर्तव्य आहे. दम्यावर व संधिवातावर दिलीं जाणारीं स्टेरॉइड जातीचीं औषधें दीर्घकाळ घेतल्यास मोतीबिंदु लवकर येऊं शकतो, डोळ्यांतील दाब वाढूं शकतो. म्हणून तपासणीस जातांना जुना चष्मा, पूर्वींचे कागद, चालू गोळ्यांच्या पाकिटांची पिशवी आणि रक्तांतील साखरेचा ताजा आंकडा बरोबर न्यावा. ही पिशवी डॉक्टरांचा निम्मा वेळ वांचविते.

मग येते ती भिंतीवरील अक्षरांची पाटी. ही पाटी हॉलंडमधील उत्रेख्त येथील नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यानें १८६२ सालीं प्रसिद्ध केली. तिचा विशेष हा कीं, तिच्यांतील प्रत्येक ओळीच्या अक्षरांची उंची अंतराच्या हिशोबानें बांधलेली आहे. सर्वांत वरचें अक्षर सुमारें ८७ मिलिमीटर उंच असतें. तें निरोगी डोळ्यास ६० मीटरांवरून ओळखतां यावें अशी अपेक्षा आहे. खालच्या बाजूस सुमारें ९ मिलिमीटर उंचीचीं जीं अक्षरें असतात तीं ६ मीटरांवरून ओळखतां यावयास हवींत. आपणांस बसवितात तें ६ मीटरांवर. खोली लहान असेल तर समोर आरसा लावून तेवढें अंतर साधतात. तेव्हां कागदावर ६/६ लिहिलें तर दृष्टि यथायोग्य आहे. ६/६० लिहिलें तर, जें अक्षर निरोगी डोळा ६० मीटरांवरून ओळखतो तें या डोळ्यास ६ मीटरांवर यावें तेव्हां कळतें, असा अर्थ. अशी पाटी देवनागरी अक्षरांचीहि असते. ज्यांस अक्षरओळख नाहीं त्यांच्यासाठीं तीन दात्यांच्या फणीसारखें एकच चिन्ह निरनिराळ्या दिशांस वळवून छापलेलें असतें. दाते वर आहेत कीं खालीं, डावीकडे कीं उजवीकडे, एवढें हातानें दाखविलें म्हणजे झालें. म्हणून "मला वाचतां येत नाहीं, माझे डोळे कसे तपासणार?" असें म्हणून कोणी घरीं बसूं नये.

येथें एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पाटी वाचावयाची ती एक एक डोळा झांकून. आपल्या नातवानें दोन्ही डोळे उघडे असतांना सगळ्या ओळी घडाघडा म्हणून दाखविल्या. उजवा डोळा झांकतांच तो अडखळला. वरच्या दोन ओळी वाचून गप्प बसला, आणि मग बोटांच्या फटींतून पाहूं लागला. डॉक्टरांनीं हात नीट बसविला. तेव्हां तो म्हणाला, "या डोळ्यानें असेंच दिसतें." आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. परंतु त्या बालकाची यांत कांहींच लबाडी नाहीं. त्याला जन्मापासून एका डोळ्यानें स्पष्ट आणि दुसऱ्यानें पुसट दिसत आलें. सर्वांनाच असें दिसत असावें असें त्याला वाटे. चांगल्या डोळ्याच्या आधारावर तो धांवतो, खेळतो, पुस्तक वाचतो; मग तक्रार ती कसली करणार?

याला नेत्रवैद्य आळशी डोळा म्हणतात. डोळा बाहेरून निर्दोष दिसतो. परंतु एका डोळ्याचा नंबर फार निराळा असल्यानें किंवा डोळा तिरळा असल्यानें मेंदू त्या डोळ्याकडून येणारें चित्र हळूहळू नाकारूं लागतो. बालपणीं मेंदूस वळण लावतां येतें. योग्य चष्मा द्यावयाचा आणि चांगला डोळा रोज ठरलेले तास पट्टीनें झांकून आळशी डोळ्यास कामाला लावावयाचें, हा त्यावरील उपाय. तो जितक्या लवकर होईल तितका गुणकारी. सात-आठ वर्षांनंतर त्याचें फळ उत्तरोत्तर कमी मिळत जातें. म्हणून "तिरळेपणा मोठेपणीं आपोआप जाईल," किंवा "एवढ्याशा पोराला चष्मा कशाला?" हीं वाक्यें घरांतून हद्दपार केलीं पाहिजेत. शाळेंत व अंगणवाडींत मुलांची आरोग्यतपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं आपल्या महाराष्ट्रांत पालघर येथेंच सुरू झाला; त्या तपासणींत दृष्टीचा दोष आढळल्याची चिठ्ठी घरीं आली तर ती दप्तरांत पडूं देऊं नये.

आतां सुनेकडे वळूं. तिला दूरचें ६/६ दिसतें. जवळचें मात्र पुसट. डोळ्यांतील नैसर्गिक भिंग तरुणपणीं लवचिक असतें. जवळ पाहतांना तें फुगतें आणि दूर पाहतांना चपटें होतें. वय वाढतें तसें तें ताठर बनतें, आणि चाळिशीच्या आसपास पुस्तक दूर धरावेंसें वाटूं लागतें. हा रोग नव्हे. आपल्या पूर्वजांनीं तर या चष्म्यालाच चाळिशी असें नांव देऊन टाकलें आहे. नंबर काढण्यासाठीं प्रथम एका यंत्रांत पाहावयास सांगतात. आंत लांब रस्त्याच्या टोकाशीं एक घर किंवा आकाशांत तरंगणारा फुगा दिसतो. तो क्षणभर पुसट होतो आणि पुन्हां स्पष्ट होतो. तेवढ्यांत यंत्र नंबराचा अंदाज बांधतें. पण तो अंदाजच. खरा नंबर ठरतो तो नाकावर जड चौकट बसवून तींत एकामागून एक भिंगें घालून पाहिल्यावर. "हें चांगलें कीं हें?" असा प्रश्न वारंवार होतो. सुनेला भीति वाटते कीं, आपलें उत्तर चुकलें तर नंबर चुकीचा येईल. ही परीक्षा नव्हे. दोन्ही सारखींच दिसत असतील तर सारखींच म्हणावें. तेंहि उत्तरच आहे.

याच वेळीं एक छोटी युक्ति करतात, तिचें मर्म सांगण्यासारखें आहे. सुईनें पाडावें तसें बारीक भोंक असलेली काळी चकती डोळ्यापुढें धरतात. तिच्यांतून अक्षरें अधिक स्पष्ट दिसलीं, तर दोष बहुधा चष्म्यानें सुधारण्याजोगा आहे असें समजावें. न दिसलीं, तर दोष डोळ्याच्या आंत कोठें तरी आहे, त्याचा शोध घेतला पाहिजे. नवा चष्मा करूनहि दिसत नाहीं म्हणून दुकानामागून दुकान फिरणाऱ्या माणसाचा पैसा आणि, त्याहून महत्त्वाचें म्हणजे, वेळ या एका भोंकानें वांचूं शकतो.

आजोबांनीं पाटी बरीच खालपर्यंत वाचली आणि विजयी मुद्रेनें सुनेकडे पाहिलें. कित्येकांची तपासणी येथेंच संपते. नंबर मिळाला, चष्मा झाला, डोळे तपासले असें आपण म्हणतों. वास्तविक येथपर्यंत फक्त दृष्टि मोजली गेली. डोळा अजून पाहावयाचाच आहे.

त्यासाठीं हनुवटी एका पट्टीवर आणि कपाळ दुसऱ्या पट्टीला टेकवून बसवितात. प्रकाशाची एक अरुंद तिरीप डोळ्यावरून फिरते आणि डॉक्टर सूक्ष्मदर्शकांतून बुबुळ, बाहुली व त्यामागचें भिंग पाहतात. या तिरपेच्या दिव्याचा शोध स्वीडनमधील अल्वार गुलस्ट्रांड यानें १९११ सालीं लोकांपुढें मांडला. प्रकाशानें डोळे दिपतात, दुखत मात्र नाहीं. आजोबांच्या भिंगांत मोतीबिंदूची सुरुवात दिसली. "अजून पिकला नसेल," आजोबा म्हणाले. मोतीबिंदु पिकण्याची वाट पाहण्याची चाल जुन्या शस्त्रक्रियेबरोबर गेली. १९४९ सालीं लंडनमध्यें हॅरल्ड रिडले यानें डोळ्यांत कृत्रिम भिंग प्रथम बसविलें. १९६७ सालीं अमेरिकेंत चार्ल्स केलमन यानें ध्वनिलहरींनीं मोतीबिंदु विरघळवून काढण्याची रीत आणली. आतां नित्याच्या कामांत अडथळा होऊं लागला म्हणजे शस्त्रक्रियेची वेळ झाली. उलट, अति पिकूं दिलेला मोतीबिंदु काढावयास अवघड जातो आणि कधीं कधीं डोळ्याचा दाब वाढवून भयंकर वेदना देतो.

पुढें दाब मोजतात. एका प्रकारच्या यंत्रांतून डोळ्यावर हवेची बारीक फुंकर येते. माणूस दचकतो इतकेंच. दुसऱ्या प्रकारांत बधिर करणारा थेंब व पिवळसर रंग घालून, निळ्या प्रकाशांत एक लहानशी नळी बुबुळास अलगद टेकवितात. बधिरतेमुळें ती कळतहि नाहीं. साधारणपणें १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा दाब सामान्य समजतात. आजोबांचा दाब उजव्या डोळ्यांत १९ आणि डाव्यांत २१ भरला. म्हणजे सर्व ठीक? नाहीं. दाब सामान्य असूनहि काचबिंदु असूं शकतो, आणि बुबुळ जाड किंवा पातळ असल्यास हा आंकडा फसवूं शकतो. म्हणून शेवटची आणि माझ्या मतें सर्वांत मोलाची पायरी उरते : डोळ्याच्या तळाचें दर्शन.

आपली बाहुली काळी कां दिसते, याचा विचार आपण कधीं केला आहे काय? आंत काळोख आहे म्हणून नव्हे. आंत पाहूं गेलें कीं पाहणाऱ्याचें डोकेंच प्रकाशाच्या वाटेंत येतें. १८५१ सालीं जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान हेल्महोल्ट्झ यानें प्रकाश आणि नजर एकाच मार्गानें आंत नेणारें साधें उपकरण प्रसिद्ध केलें आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ वैद्यांस उघड दिसूं लागला. शरीर न कापतां रक्तवाहिन्या व मज्जातंतु प्रत्यक्ष पाहावयास मिळावे, असें हें एकच ठिकाण. मधुमेहानें व रक्तदाबानें रक्तवाहिन्यांवर काय परिणाम झाला आहे, तें येथें रोग्यास कळण्यापूर्वीं डॉक्टरांस कळतें.

तळ नीट पाहण्यासाठीं थेंब घालून बाहुली मोठी करतात. थेंब चुरचुरतो. वीस-तीस मिनिटें डोळे मिटून बसावें लागतें. नंतर चार ते सहा तास जवळचें पुसट दिसतें, ऊन खुपतें. म्हणून काळा चष्मा न्यावा, सोबत माणूस असावें, आणि त्या दिवशीं स्वतः गाडी चालवूं नये. लहान मुलांच्या नंबरासाठीं घालतात त्या कांहीं औषधांचा परिणाम एक दिवस, क्वचित् त्याहूनहि अधिक टिकतो; मुलाला दुसऱ्या दिवशीं वाचतां येत नाहीं म्हणून घाबरूं नये. कांहीं थोड्या डोळ्यांची रचना अशी अरुंद असते कीं, थेंबानें दाब एकदम चढूं शकतो. डॉक्टर तें आधीं पाहून घेतात. तरीहि घरीं गेल्यावर डोळा फार दुखूं लागला, दिव्यांभोंवतीं रंगीत कडीं दिसूं लागलीं, ओकारी झाली, तर सकाळची वाट न पाहतां परत जावें.

आजोबांच्या डोळ्याच्या तळाशीं डॉक्टरांचा दिवा बराच वेळ थांबला. मधुमेहाचे कांहीं बारीक ठिपके होते. त्यांवर साखर ताब्यांत ठेवणें आणि दर वर्षीं तपासणी हा उपाय. परंतु डाव्या डोळ्यांतून मेंदूकडे जाणारी दृष्टीची शीर जेथून निघते तेथील खळगा नको तितका खोल झालेला होता. मग त्यांना एका घुमटासारख्या यंत्रापुढें बसवून हातांत कळ दिली. इकडे तिकडे चमकणारा बारीक प्रकाश दिसला कीं ती दाबावयाची. डाव्या डोळ्याच्या कडेचे कित्येक प्रकाश आजोबांस दिसलेच नाहींत. तेव्हां सुनेला आठवलें कीं, गेलें वर्षभर मामंजींचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागतो. वयामुळें असेल असें सर्वांनीं धरलें होतें.

हाच तो काचबिंदु. त्याचें कपट असें कीं, तो दृष्टीचा मधला भाग शेवटपर्यंत राखतो आणि कडांनीं आंत सरकत येतो. मोटारीवरची पाटी वाचणारा माणूस निर्धास्त राहतो. आणि गेलेली दृष्टि कोणत्याहि औषधानें वा शस्त्रक्रियेनें परत येत नाहीं. उरलेली मात्र रोजच्या थेंबांनीं, गरज पडल्यास लेसरनें किंवा शस्त्रक्रियेनें, बहुधा राखतां येते. आजोबा परत येतांना फारसे बोलले नाहींत. "दोन वर्षांपूर्वीं आलों असतों तर?" एवढेंच त्यांनीं विचारलें. या प्रश्नाचें उत्तर देणें कोणाहि डॉक्टरास जड जातें. पण त्यांच्या मुलांस आणि भावंडांस तें उत्तर अजून उपयोगी आहे. कारण काचबिंदु रक्ताच्या नात्यांत अधिक आढळतो, आणि त्या सर्वांनीं आतां आपले डोळे दाखविले पाहिजेत.

मग डोळे केव्हां केव्हां दाखवावे? मुलाचे शाळेंत घालण्यापूर्वीं एकदां आणि पुढें अधूनमधून. तिरळेपणा किंवा बाहुलींत पांढरी झांक दिसल्यास वयाची वाट न पाहतां तत्काळ. तक्रार नसली तरी चाळिसाव्या वर्षीं एकदां संपूर्ण तपासणी करावी, आणि पुढें डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें एक-दोन वर्षांनीं. प्रौढपणीं मधुमेह झालेल्यांनीं तो कळला त्याच वर्षीं आणि नंतर दर वर्षीं, दृष्टि उत्तम असली तरीहि. एकाएकीं काळे ठिपके तरंगूं लागणें, विजेसारखें चमकणें, पडदा पडल्यासारखें होणें, या लक्षणांस तर त्याच दिवशीं जावयास हवें. दृष्टिपटल सुटूं लागल्याचीं तीं चिन्हें असूं शकतात.

बारामती-इंदापुराकडील श्रोत्यांसाठीं आणखी दोन शब्द. ऊंस हें आपल्या भागाचें वैभव; पण उंसाच्या पात्याची धार डोळ्यास लागली तर तिच्याबरोबर बुरशीहि आंत शिरूं शकते. अशा जखमेवर मध, तूप, दूध, काजळ किंवा झाडाचा चीक घालूं नये. दुकानांतून आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर मुळींच नाहीं. त्यांनीं लाली उतरते, ठणका कमी होतो, आणि आंत बुरशीला रान मोकळें मिळतें. तसेंच डोळ्यांत चुना उडाला तर प्रथम पाणी, मग दवाखाना. निदान पंधरा ते तीस मिनिटें स्वच्छ पाण्यानें डोळा धूत राहावें. त्यांतील पहिलीं कांहीं मिनिटें पुढच्या सर्व उपचारांहून मोलाचीं ठरतात.

चष्मा लावल्यानें नंबर वाढतो, ही समजूतहि सोडून द्यावी. वाढत्या वयांत मुलाचा नंबर वाढतो तो डोळ्याची लांबी वाढते म्हणून. त्याला आळा घालावयाचा असेल तर मुलांस दिवसाच्या उजेडांत रोज निदान दोन तास उघड्यावर खेळूं द्यावें. त्यानें लघुदृष्टि येण्याची शक्यता कमी होते, असें अलीकडील संशोधनांतून दिसून आलें आहे.

जळोचीच्या त्या घरांत आतां नातवाच्या उजव्या डोळ्यावर रोज कांहीं तास पट्टी असते, सून चाळिशी लावून दोरा ओवते, आणि रात्रीं निजतांना नातू आजोबांच्या डोळ्यांत थेंब घालावयाची आठवण करतो. हें कुटुंब मीं कल्पिलेलें आहे. पण त्याच्यासारखीं घरें आपल्या प्रत्येकाच्या शेजारीं आहेत. सवड काढून डोळे तपासावयास जाल तेव्हां, घरांतील जो माणूस "मला काय झालें आहे?" असें म्हणत असेल, त्याला आधीं बरोबर घ्या, एवढीच माझी विनंति आहे.